अहोंचं नाव

नोएडा, मार्च १९९९

ती. अक्कास,

पद्माकरचा शिरसाष्टांग नमस्कार. तुझे गुडघे, दाजींचा खोकला आणि साताऱ्याची हवा, तिन्ही बरी असोत. इकडचं क्षेम मात्र लिहवत नाही.

सुनेत्रा हल्ली विसरते. आधी दूध उतू जायचं, मग चाव्या हरवायला लागल्या. परवा तर भाजीला म्हणून गेली ती बस पकडून थेट सरोजिनी नगरच्या आमच्या जुन्या क्वार्टरमध्ये! (तिथे आता कोणी मलिक राहतात. साखरेचा डबा भलत्याच फळीवर ठेवला म्हणून हिने त्यांच्या बायकोला फैलावर घेतलं. बाई भली, चहा पाजून मला फोन केला.)

तशात पेपरात वाचलं, की म्हाताऱ्या मेंदूतही नव्या पेशी उगवतात आणि गेलेल्यांच्या जागी नव्या बसवायचं संशोधन चाललंय. म्हटलं, देशात सगळंच नवं येतंय, गाड्या, केबल, सेक्टर. हेही आलं असेल. कात्रण घेऊन मोठ्या डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, "अंकल, अभी तो चूहों तक ही पहुँचा है." म्हणजे उंदरांचं भलं झालं! (आमच्या स्वयंपाकघरातला मला आधीपासूनच हुशार वाटायचा.) शिवाय नवी पेशी बसली तरी जुनी आठवण तिच्यात येईलच असं नाही म्हणे. नव्या भाडेकरूला आधीच्याची ओळखपाळख कुठून असणार?

मग त्यांनी हिची परीक्षा घेतली. पतीचं नाव विचारलं. ही पदराशी चाळा करत नुसती हसली. त्यांनी फुली मारली. अक्का, मी असा भडकलो! म्हटलं, साहेब, आमच्याकडे बायको नवऱ्याचं नाव घेत नाही, घेतलंच तर उखाण्यात. लग्नापासून आमचा संसार 'अहो'वर चाललाय, खोडा ती फुली. बिचाऱ्यांनी खोडली. मी लढाई जिंकल्यासारखा घरी आलो.

तुझा,
पद्माकर

ता. क. इकडे येणाऱ्या कुणाबरोबर मेतकूट पाठव. करोल बागेत मिळते ती नुसती पिवळी भुकटी.

ता. क. २. मेतकूट राहू दे, तूच ये. त्या दिवशी घरी आल्यावर दार लावून तिला म्हटलं, आता कोणी नाही, घे नाव. तिने लग्नातला उखाणा घेतला, अगदी चालीवर, एक शब्द चुकली नाही. नावापाशी अडली आणि मलाच म्हणाली, "अहो, आमच्या ह्यांचं नाव काय हो?"

फुली बरोबर होती, अक्का. तू ये, आणि लहानपणीसारखी "पद्या, पद्या" ओरडत घरभर फिर. तिच्या कानावर पडू दे. या घरात माझं नाव घेणारं दुसरं कुणी नाही.