फुगडीचं वाण

गिरगाव, ८ जानेवारी

प्रिय हेरंब,

पत्राला 'प्रिय' लागतं म्हणून लिहिलंय, त्यावर फार विचार करू नकोस. तुझा निरोप प्रितीच्या ऑफिसात पोचला. वकिली भाषेतलं उत्तर ती देईलच, पण मला तुला माझ्या भाषेत काही सांगायचंय. फोन केला नाही, कारण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. संसारातही कधी दिलं नाहीस. पत्रात मध्ये तोंड घालता येत नाही, म्हणून हा खटाटोप. सोमवारी पेटंट ऑफिससमोर तुझी-माझी सुनावणी आहे, त्याआधी हे तुझ्या हातात पडेल अशी सोय केली आहे.

तुझ्या अर्जात लिहिलंयस की वायरी जोडायचा हा कनेक्टर तुला 'बाजारपेठेच्या दीर्घ निरीक्षणातून' सुचला. परवा ते पुन्हा वाचताना मी इतकी हसले की घरातले बघायला आले. बाजारपेठ कसली रे? परळच्या आपल्या खोलीत मोरीच्या वर दोन वायरींचा जॉइंट होता, काळ्या टेपने गुंडाळलेला. आईंचा ओला हात त्याला लागला आणि त्या फेकल्या गेल्या. तुझी आई ती, माझी सासू. तू आलास, टेपचा आणखी एक वेढा मारलास आणि मॅच बघायला बसलास. त्या दिवसापासून मी ओट्यावर वायरीचे तुकडे घेऊन बसायला लागले. माझा इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा तोवर ट्रंकेत पडला होता, तो असा बाहेर आला. काही केल्या जमत नव्हतं. जरा ओढलं की वायर सुटून हातात यायची, आणि चाळीत वायर ओढली जातेच, कुणी तिच्यावर टॉवेल टाकतं, कुणी पिशवी अडकवतं. मग श्रावणात तळमजल्यावर मंगळागौर होती. दोन मुली फुगडी घालत होत्या, हातांची फुली करून, अंग मागे टाकून. मागे जितक्या झुकत होत्या, तितकी पकड घट्ट होत होती. मी तिथेच उभी राहिले. आई हाका मारत होत्या, प्रसाद घे म्हणून, आणि माझ्या डोक्यात दोन आडवे-तिडवे जबडे फिरत होते. ओढाल तितके घट्ट बसणारे. नाव आईंनीच ठेवलं. म्हणाल्या, ही तर फुगडी. तुझ्या अर्जात तिचं नाव 'स्वयं-घट्ट होणारी वायर-जोडणी प्रणाली' असं आहे. माणसांची नावं खोडलीस तशी तिचीही खोडलीस.

आता तू जे विसरलास, त्याकडे येते. लॉकडाउनच्या आधीची संक्रांत आठव. लोअर परळच्या गाळ्यात साचा बनवून पहिला माल आला होता आणि तू त्याच्याभोवती कुत्र्यासारखा पहारा देत होतास. प्रदर्शनात ठेवू दिला नाहीस. लालबागच्या मंडळाने डेकोरेशनसाठी मागितला, तर तुझ्या कपाळावर आठ्या. डीलरला दाखवायच्या आधी त्याच्याकडून गुप्ततेच्या कागदावर सही घ्यायचास. मला तेव्हा तुझं कौतुक वाटायचं, किती जपतो म्हणून. आणि त्याच आठवड्यात आपल्या घरी हळदीकुंकू होतं. आईंनी विचारलं, यंदा वाण काय लुटायचं? मी म्हटलं, फुगडी लुटू. प्रत्येकीच्या घरात एक तरी टेपचा जॉइंट आहे, तो जाईल. तू खुर्चीत बसून फिदीफिदी हसलास. वाट्या-चमचे सोडून हे कसलं वाण, म्हणालास. बायकांना वाटायचं तर वाटा, बायकांत काय. तीळगूळसुद्धा तूच दादरहून आणून दिलास आणि बायका यायच्या आत शर्ट बदलून बाहेर पडलास.

बायकांत काय. हेरंब, जगातल्या कुठल्याही पुरुषाला तू ती वस्तू सहीशिवाय दाखवली नाहीस, आणि चाळीतल्या झाडून सगळ्या बायकांना ती तुझ्याच घरात, तुझ्या संमतीने, तीळगुळासोबत दिली गेली. आईंनी मध्ये बसून प्रत्येकीला करून दाखवलं, वायर आत सरकव, आता ओढ, बघ सुटते का. शेजारच्या कुणीतरी त्याचा व्हिडिओ काढून त्याच संध्याकाळी चाळीच्या फेसबुकवर टाकला. तो अजून तिथेच आहे, तारखेसकट. आई वायर ओढतायत आणि बायका टाळ्या वाजवतायत. तू त्याला लाइक केलेलं नाहीस. बघितलाच नसशील.

पुढच्या वर्षी तू अर्ज केलास, मला न सांगता. संशोधक म्हणून एकच नाव, तुझं. त्यानंतर वर्षभरात आपण वेगळे झालो, आणि कोर्टात तू म्हणालास की ही बाई घर सोडून दिवसभर वायरींशी खेळायची. मला अर्जाचा पत्ताही नव्हता. प्रिती कॉलेजातली मैत्रीण, पेटंटचीच कामं करते, दादरला तिचं ऑफिस आहे. प्रसिद्ध झालेले अर्ज चाळताना तिला तुझं नाव दिसलं, तेव्हा तिने मला बोलावून घेतलं. मी तिच्या टेबलाशी बसून सगळं वाचलं. आकृत्या माझ्या होत्या, मी डाव्या बाजूने काढते तशाच. सुरुवातीला तू जुन्या पद्धतीचे दोष लिहिलेयस, 'अकुशल व्यक्तींनी घरात केलेल्या धोकादायक जोडण्या'. त्या टेपवरचा शेवटचा वेढा कुणी मारला होता, ते मात्र लिहिलं नाहीस. माझ्या पोटात आग पडली. अजून विझलेली नाही, आणि विझावी असं मला वाटतही नाही.

मी तेव्हाच तुझ्यावर धावून जाणार होते. प्रितीने हात धरून बसवलं. म्हणाली, आत्ता गेलीस तर तो सावध होईल आणि अर्जातला भर दुसऱ्या कशावर तरी टाकेल. परीक्षकाचा अहवाल येऊ दे. म्हणून मी थांबले. तुला मी कधी थांबता येणारी वाटले नव्हते ना? रोज चहा घेताना पेटंट ऑफिसची साइट उघडायची आणि तुझ्या अर्जाचं काय झालं ते बघायचं, हे माझं व्रत झालं. शेवटी अहवाल आला. परीक्षकाने एक जर्मन आणि एक जपानी पेटंट तुझ्यासमोर ठेवलं आणि विचारलं, तुझ्या वस्तूत वेगळं काय आहे? तुझ्या अर्जातली आतलं तांबं दिसणारी खिडकी जर्मनाकडे आधीच होती. नाण्याने उघडणारी खाच जपान्याकडे होती. तू दोन्ही सोडून दिल्यास आणि उत्तरात छातीठोक लिहिलंस की खरी नवलाई त्या आडव्या-तिडव्या जबड्यांत आहे, ओढल्यावर पकड वाढते ती रचना या अर्जाआधी कुठेही, कुणापुढेही उघड झालेली नाही. 'कुणापुढेही' हा शब्द मी पुन्हापुन्हा वाचला. त्या दिवशी मी प्रितीला पणशीकरांकडे नेऊन पियूष पाजलं.

आता तुझ्याकडे दुसरं काही उरलं नव्हतं, सगळा अर्ज त्या फुगडीवर टांगलेला. तेव्हा आम्ही विरोध दाखल केला. प्रितीने माझ्यासमोर दोन रस्ते ठेवले होते, आणि हे तुला कळायला हवं. पहिला रस्ता म्हणजे सिद्ध करायचं की संशोधक मी आहे, तू माझं ढापलंस. तसं झालं तर पेटंट टिकतं आणि माझं होतं. दुसरा म्हणजे दाखवून द्यायचं की अर्जाच्या आधीच ही गोष्ट लोकांत उघड वापरात होती. मग पेटंट कुणालाच नाही, तुला नाही आणि मलाही नाही. कुणीही उठावं आणि फुगडी बनवावी. प्रितीला वाटत होतं मी पहिला रस्ता घेईन. मी दुसरा घेतला. दुखलं. माझी एकच गोष्ट होती ती, मी घडवलेली, आणि तिच्यावर मीच पाणी सोडलं. पण पहिल्या रस्त्यात तू भांडत राहिला असतास, अर्धा वाटा मागितला असतास, आणि कुठल्या ना कुठल्या कागदावर तुझं-माझं नाव शेजारी शेजारी राहिलं असतं. ते मला नको होतं. एक मोठा कारखानदार पेटंट मिळाल्यावरच तुझ्याशी करार करणार आहे, हे मला ठाऊक आहे. ते मोडावं, एवढंच मला हवं होतं.

तुझं उत्तर वाचलं. हळदीकुंकू हा 'घरातील बायकांचा खासगी कार्यक्रम' होता, आणि तिथे हजर असलेल्यांत 'रचना समजण्याइतकं ज्ञान कुणालाही नव्हतं'. माझा उल्लेख 'सदर महिला'. ठीक आहे. पण शांताबाईंचं काय करशील? वरळी कोळीवाड्यातून मासळीची पाटी घेऊन यायच्या त्या. त्या दुपारी जिन्यातून खाली चालल्या होत्या. आईंनी हाक मारून आत घेतलं, कुंकू लावलं, वाण दिलं. त्याआधी त्या कधी आपल्या उंबऱ्याच्या आत आलेल्या नव्हत्या. ती फुगडी त्यांच्या नवऱ्याने होडीतल्या दिव्याला बसवली, आणि आज त्यांच्या गल्लीत घरोघरी तशा घडवून घेतल्यायत. मी त्यांना विचारायला गेले तेव्हा त्यांनी मला खाऱ्या पाण्यात जबडा कुठे गंजतो तेही दाखवलं आणि वर दरडावलं, ह्याला पितळ घाल. न समजणाऱ्या बायका या. त्यांचं प्रतिज्ञापत्र तू वाचलंसच, आणि ते वाचल्यावरच तुझा निरोप आला.

तर तो निरोप. अर्जात माझं नाव दुसरी संशोधक म्हणून घालतोस, मी विरोध मागे घ्यावा. दुसरी. बसमध्ये देतात तशी उभी राहायला जागा देतोयस. वर लिहिलंयस की आईच्या जिवाला या वयात हा ताप नको. आईंचं नाव तू घ्यायला नको होतंस, हेरंब. वडाळ्याच्या तुझ्या टॉवरमध्ये त्या का येत नाहीत, हे कधी विचारलंस त्यांना? आपण वेगळे झाल्यानंतरच्या पहिल्या संक्रांतीला तू त्यांना फोन करून बजावलंस, तिला बोलावू नको, आता तिचा काय संबंध. त्यांनी मला बोलावलं आणि सगळ्या सवाष्णींच्या आधी मला कुंकू लावलं. मी रडले, त्या रडल्या नाहीत. गेल्या महिन्यात मी त्यांना तुझं उत्तर मराठीत वाचून दाखवलं. आधी वाचायचं नाही असं ठरवलं होतं, पण त्याच मागे लागल्या. 'ज्ञान कुणालाही नव्हतं' या वाक्याशी त्यांनी मला थांबवलं. माका काय कळना नाय, असा म्हणता तो? एवढंच म्हणाल्या, आणि उठून मोरीवरच्या त्या फुगडीला हात लावून आल्या. मग म्हणाल्या, माझी सही कुठे लागते ते प्रितीला विचार.

आज त्यांचं प्रतिज्ञापत्र दाखल झालं. प्रितीने त्यात 'कार्यक्रम खासगी नव्हता' असं घातलं होतं, आईंनी ते काढायला लावून आपलं वाक्य सांगितलं. माझ्या घराचं दार त्या दिवशी उघडं होतं, जी आली तिला मी दिलं, आणि कुणाला सांगू नको असं एकीलाही म्हटलं नाही. खाली त्यांची सही आहे, कालिंदी, सावकाश काढलेली पण पूर्ण. मला वाटत होतं तू हे सोमवारी ऑनलाइन सुनावणीत पडद्यावरच बघावंस. तुझा चेहरा मला बघायचा होता, त्यासाठी मी नवी साडीसुद्धा काढून ठेवली आहे. पण सही करताना आईंनी एकच अट घातली, त्याला माझं नाव असं अचानक दिसू नये, आधी तू कळव. त्यांचा शब्द मोडवला नाही, म्हणून हे पत्र. एक निरोप त्यांचाही आहे. हळदीकुंकू यंदाही त्यांच्याकडेच आहे, स्पृहाला पाठव. नव्या सुनेला अजून त्यांच्या हातचं वाण मिळालेलं नाही, आणि यंदाही त्या फुगडीच लुटणार आहेत.

तुझीच 'सदर महिला',
दर्शना