चौदा इंच ऊन

तीर्थस्वरूप मामांना,

सुई उशीत खोचून, दोन्ही हात मोकळे करून केलेला नमस्कार. मामींनाही तोच. तुमचा गुडघा कसा आहे? दुकानातल्या वरच्या फळीवरचे खिळे काढायला स्वतः चढू नका. गिऱ्हाइकाला घाई असेल तर त्यालाच चढू द्या. मी बरा आहे. वजनही उतरलेलं नाही (लाँड्रीच्या काट्यावर कपड्यांसकट केलं, मग कपड्यांचं वेगळं करून वजा केलं).

तुमचं पत्र मिळालं. येत्या रविवारी टेम्पो घेऊन येताय, बिऱ्हाड आवरून ठेवायचं आणि तिकडे दुकानात स्क्रू मोजून द्यायला बसायचं, हे सगळं वाचलं. "बस" या शब्दाखाली तुम्ही दोन रेघा मारल्या आहेत, त्याही पाहिल्या. माझ्या भल्यासाठीच लिहिलंय, यात शंका नाही. मी आवरायला सुरुवातही केली होती. गादी गुंडाळली, मग विचार करायला बसायला जागा उरेना, म्हणून पुन्हा उलगडली. तुमच्या काळ्या कोटाबद्दल जे लिहिलंत, त्याचं उत्तर पुढे देतो. आधी या घराचं नीट सांगू द्या, कारण गेल्या पत्रात घाबरून अर्धंच लिहिलं होतं.

इथे एकसारख्या चार इमारती एकमेकींकडे पाठ करून उभ्या आहेत. रंग एक, जिने एक, कपडे वाळत घालायच्या दोऱ्यासुद्धा एकाच निळ्या रंगाच्या. पहिल्या आठवड्यात मी दोनदा दुसऱ्याच्या कुलपाला किल्ली लावली (एकदा ती फिरली, पण मी आत गेलो नाही). माझी खोली दुसऱ्या मजल्यावर, मागच्या अंगाला. खिडकीतून हात लांब केला तर समोरच्या इमारतीशी हस्तांदोलन करता येईल, इतपत अंतर. मग अशी खोली घेतलीसच का, असं तुम्ही विचारलंत. मामा, मी ती बघायला आलो तेव्हा साडेअकरा वाजले होते आणि फरशीवर आंघोळीच्या पंचाएवढं ऊन पडलं होतं. घरमालक नळ सोडून दाखवत होते, पण माझं लक्ष त्या पंचाकडे. रफूवाल्याला दुसरं काय हवं? लोकांना वाटतं काळा म्हणजे काळा. दिव्याखाली तो असतोही. उन्हात धरला की एका काळ्याच्या पोटात तपकिरी असतो, एकाच्या पोटात हिरवा, एकाच्या पोटात खोल विहिरीसारखा निळा, आणि त्याच पोटातला धागा शोधून घातला तरच भोक बुजतं. मी नळ न बघताच हो म्हणालो.

पहिले पंधरा दिवस फार सुखाचे गेले. अकरा वीसला ऊन खिडकीच्या चौकटीवर यायचं, मग खाली उतरून फरशीवरून माझ्या स्टुलापर्यंत चालत यायचं, मांडीवरच्या कापडावर काही वेळ बसायचं आणि अकरा पंचावन्नला भिंतीवर चढून निघून जायचं. (मी वहीत नोंद ठेवली आहे. शाळा सातवीत सुटली, पण वही सुटलेली नाही.) कधीकधी सुई हातात तशीच राहायची आणि मी त्या उन्हातल्या धूळकणांकडे बघत बसायचो. एकेक कण इतका सावकाश खाली यायचा की त्यालाही कुठे भाड्यानं जागा बघायची असावी.

सोळाव्या दिवशी ऊन आलं नाही. आभाळ स्वच्छ होतं. सतराव्या दिवशीही नाही. अठराव्या दिवशी कळलं की ते ऊन माझ्या खोलीचं नव्हतंच. ते समोरच्या घरातल्या खिडकीच्या काचेवर पडून माझ्याकडे यायचं, आणि ती खिडकी आता बंद होती. म्हणजे मी दुसऱ्याच्या खिडकीतलं ऊन बघून खोली घेतली होती! त्याच आठवड्यात मला काम देणाऱ्या लाँड्रीवाल्या काकांकडून एका गिऱ्हाइकाचा काळा कोट आला, खांद्यावर ठिणगीनं पडलेलं भोक. मी दिव्याखाली रफू केला. गिऱ्हाइकानं रस्त्यावर जाऊन बघितला, तर खांद्यावर शाई सांडल्यासारखा निळा डाग. काका मला ओरडले नाहीत, कोट नुसता टेबलावर ठेवून म्हणाले, "हा पुन्हा करून आण. या खेपेलाही बिघडला तर तुझा तू मोकळा, माझा मी." हे तुम्हाला लिहिलं होतं, आणि त्यावरूनच तुम्ही टेम्पो ठरवलात.

पुढचं लिहायचं धाडस होत नव्हतं. समोर जाऊन बोलायचा धीर नव्हता, म्हणून मी चिठ्ठी लिहिली: "आपल्या मागील खिडकीचे डावे दार दररोज सकाळी ११ वाजून २० मिनिटांपासून ११ वाजून ५५ मिनिटांपर्यंत १४ (चौदा) इंच उघडे ठेवावे." खाली सही करायचीही भीती वाटली, तेव्हा केली नाही. माझ्या खिडकीतून पाहिलं तर ते घर डावीकडून दुसरं. मी वळसा घालून समोरच्या इमारतीत पुढून शिरलो, दुसऱ्या मजल्यावर चढलो, डावीकडून दुसऱ्या दाराखालून चिठ्ठी सरकवली आणि दोन-दोन पायऱ्या उतरत परत आलो. मागून पाहिलेली डावी बाजू पुढून शिरल्यावर उजवी होते, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. (आयुष्यभर कापडाची उलटी-सुलटी बाजू बघणाऱ्यानं ही चूक करावी!)

दुसऱ्या दिवशी ठीक अकरा वीसला समोरची ती खिडकी नाही, तर तिच्या शेजारची उघडली. एका वयस्कर गृहस्थांनी मोजपट्टी लावली, दार थोडं आत घेतलं, घड्याळ पाहिलं आणि ते खुर्ची टाकून बाजूला बसले. अकरा पंचावन्नला बंद. रोज! ते रेल्वेतले निवृत्त गार्ड आहेत, हे नंतर समजलं. सही नसलेला, वेळ आणि माप दिलेला कागद म्हणजे वरून आलेला हुकूम, असा त्यांचा समज. कारण विचारायची त्यांना सवय नाही. आणि माझी खिडकी अंधारात.

आता त्यांना चूक सांगावी म्हणून निघालो, तर आमच्या जिन्यात शेजारची सूनबाई भेटली. तिच्या सासूबाई पडल्यापासून तीन महिने पलंगावरून उठल्या नव्हत्या. सूनबाई हळूच म्हणाली, "अहो, काय सांगू? आठवडा झाला, आमच्याकडे ऊन येतंय. कुठून येतं देव जाणे. पण ते आलं की सासूबाई उठतात, भिंतीला धरून त्याच्या मागे मागे चालतात. काल खिडकीपर्यंत गेल्या." म्हणजे गार्डसाहेबांच्या काचेतलं ऊन तिच्या सासूबाईंकडे जात होतं. ती खिडकी बंद करा असं सांगायला माझी जीभ उचलेना, आणि कोट तर तसाच पडलेला.

शेवटी गार्डसाहेबांकडे गेलो आणि सगळं कबूल केलं. त्यांनी चष्म्यातून मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "म्हणजे हुकूम तुमचा?" मी हो म्हणालो. "रफूवाल्याचा?" पुन्हा हो म्हणालो. ते जरा खट्टू झाले. मग टोपी चढवून म्हणाले, "हुकूम चुकीच्या स्टेशनावर उतरला, एवढंच. चला, पुढच्या स्टेशनावर." आणि मला ओढत शेजारच्या दारावर घेऊन गेले.

तिथे एक नर्सबाई राहतात. रात्रपाळी लागल्यापासून सकाळी येऊन झोपायच्या, म्हणून खिडकी बंद. त्या डोळे चोळत बाहेर आल्या आणि मी इतकी क्षमा मागितली की त्यांना वाटलं, कुणीतरी गेलं. सगळं ऐकून त्या जांभई देत म्हणाल्या, "दार उघडं ठेवते आणि आतून जाड पडदा ओढते. यासाठी दोन पुरुष?" हे मला महिनाभर सुचलं नव्हतं. गार्डसाहेबांनी तिथल्या तिथे चौकटीवर खडूनं चौदा इंचांची खूण केली. ऊन सरकतं म्हणून दर सोमवारी ते अर्धा इंच दुरुस्ती करून जातात, स्वतःच्या खिडकीचीही आणि नर्सबाईंच्याही.

दुसऱ्या दिवशी ऊन आलं. मी कोट मांडीवर घेतला. त्या काळ्याच्या पोटात हिरवा होता, मामा, शेवाळ्यासारखा, अगदी खाली. तीन दिवस पस्तीस-पस्तीस मिनिटं बसलो. लाँड्रीवाल्या काकांनी कोट दुकानाबाहेर नेऊन फिरवला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला आणि म्हणाले, "भोक कुठे गेलं?" मला घाम फुटला. काम केल्याचा पुरावाच उरला नव्हता. पण त्यांनी आत जाऊन कपड्यांचं आणखी एक गाठोडं आणलं आणि माझ्या हातात दिलं.

असं आहे सगळं. तुमच्या आज्ञेबाहेर मी नाही. रविवारी तुमची वाट पाहतो.

तुमचा आज्ञाधारक,
भाचा

ता. क. टेम्पो आणू नका. करार मी कालच पुढे वाढवून घेतला (पत्र त्या आधी लिहायला घेतलं होतं, तेव्हा अवज्ञा धरू नये).

ता. क. २. टेम्पोऐवजी माळ्यावरचा जुन्या कपाटाचा आरसा आणा, तो कोपऱ्यात चरा गेलेला. चादरीत गुंडाळा, उभा धरा. तळमजल्यावर एक मावशी राहतात, त्यांच्याकडे दिवसभर दिवा लागतो. त्यांना एकदा दिवा न लावता पेपर वाचायचाय. माझ्या पस्तीस मिनिटांतली दहा त्यांना खाली द्यायचं ठरलंय. कोन गार्डसाहेब काढणार आहेत.

ता. क. ३. कोटाचं राहिलं. तुमच्या कोटाच्या रफूची साऱ्या बाजारपेठेनं वाहवा केली, असं लिहिलंत. मामा, तुमचा कोट मी त्याच अंधाऱ्या आठवड्यात, त्याच निळ्या दोऱ्यानं रफू करून पाठवला होता. बाजारपेठेनं तो दुकानातल्या दिव्याखालीच पाहिला असणार. तेव्हा येताना तो घालूनच या, पण रस्त्याच्या सावलीच्या बाजूनं चाला, आणि काहीही करून अकरा वीसच्या आत पोचा.