गुडघ्याखालची उशी

मंगळवार, हिंगोली

ती उशी डोक्यातून जात नाही. युनूसचाचांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून रोज सकाळी त्यांना फिजिओथेरपी द्यायला वॉर्डात गेले, की मी गुडघ्याखालची उशी काढते. दुसऱ्या दिवशी ती परत तिथंच! उशीवर गुडघा वाकलेलाच राहतो; आज पाय सरळ होईना. शिलाई मशीन चालवणारा पाय. होईल ना? मी चिडलेच, "चाचा, कितीदा सांगू? उशी घेऊ नका!"

चाचा ओशाळले. "मी न्हाई घेत. तुमी गेल्यावर शोभा सिस्टर ठेवतात, ठणका कमी व्हावा म्हणून. वाटलं, तुमचं दोघींचं भांडण हाय. मधात काहून बोलू?"

भांडण? मी आणि शोभा रोज दुपारी एका डब्यात जेवतो. तिच्या भाजीत मीठ कमी पडलं तरी मी सांगते. उशीचं कधी निघालंच नाही.