डावा कौल

मकरपुरा, बडोदे

ती. बाबांना नमस्कार, आईला वेगळा.

फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही, म्हणून लिहिते आहे. तब्येत बरी आहे. घरमालकीण कोकिळाबेन रोज "जमी लीधुं?" विचारतात. मी हो म्हणते, जेवले नसले तरी.

इथून जवळच्या सावली गावातल्या नव्या कारखान्यातला तपासणी विभाग मी सांभाळावा, असं साहेबांनी सुचवलं. तुम्ही देवळात कौल लावलात. मूर्तीला चिकटवलेल्या पाकळ्यांतली डावी आधी पडली, म्हणजे देवाचा नकार. मी मात्र होकार दिला आहे. सोमवारी रुजू होते.

माझा विश्वास उडाला, असं गुरवकाकांना वाटू देऊ नका. गोठ्याच्या रंगापासून माझ्या बारावीच्या शाखेपर्यंत सगळं आपण देवाला विचारत आलो. ती भक्ती नव्हे बाबा, भीती. मी हात जोडते आणि मग माझं मी ठरवते. चुकले तर तो मला टाकणार नाही, एवढा माझा त्याच्यावर भरवसा आहे.

हाताखाली सगळे पुरुष असतील. झोप जरा कमी लागते, इतकंच.

आईचा गुडघा कसा आहे? तिला डॉक्टरकडे न्या, कौल न लावता.

पुन्हा देवळात गेलात तर काही विचारू नका. नीरजा सावलीला गेली, एवढं त्याला सांगा.

तुमचीच,
नीरजा