क्लचखालचा स्विच

इंदिरानगर, नाशिक
शुक्रवार, दि. १२ फेब्रुवारी १९९९

चि. सौ. रूपालीस,

आशीर्वाद. तुझे पत्र सोमवारी मिळाले. आम्ही सर्व ठीक आहोत. तुझ्या वहिनीचा खोकला उतरला आहे. आईची भूक चांगली आहे, जिना मात्र तिला अजून एकेक पायरी करूनच चढावा लागतो.

हे पत्र शेवटपर्यंत वाचून होईपर्यंत तुझ्याकडे पाठविलेल्या ट्रॅक्टरला किल्ली लावू नये. कारण पुढे लिहितो.

ट्रॅक्टर जुना आहे, आपण घेतला तेव्हाही तो दुसऱ्याच्या हातचाच होता. त्यामुळे त्याची देखभाल बिघाड होण्याआधी करावी लागते. इंजिन ऑइल गेल्याच महिन्यात बदलले आहे. एअर क्लीनरच्या वाटीतील तेल दर रविवारी पाहावे. तळाशी गाळ दिसला की वाटी डिझेलने धुऊन नवे तेल खुणेपर्यंतच भरावे. फॅनबेल्ट अंगठ्याने दाबला असता अर्धा इंच दबावा, अधिक नाही. पुढच्या चाकांना ग्रीस देताना जुने ग्रीस बाहेर येईपर्यंत गन चालवावी. हे तुला ठाऊक आहे. आपल्या मखमलाबादच्या मळ्यात हे सारे तू माझ्यापेक्षा चांगले करीत होतीस. तरीही लिहितो आहे, कारण जे लिहायचे आहे ते अजून लिहून होत नाही.

काल तुमच्या गल्लीतील दुकानात दोन वेळा फोन केला. दुकानदार "रूपालीताई, नाशिकचा फोन!" अशी हाक मारीत गेला, आणि दोन्ही वेळा तू येण्यापूर्वी मी फोन ठेवला.

तू लिहिले आहेस, "दादा, दोन वर्षं मी कुठल्याच ट्रॅक्टरच्या सीटवर बसले नाही. पण ह्यांना चालवता येत नाही, तेव्हा रविवारी मीच बसणार. आईला सांग, या वेळी समोर कुणालाच उभं करणार नाही."

हे वाक्य मी आईला वाचून दाखविले. ती म्हणाली, "तिला लिही, आता बास झालं म्हणावं. पोरीच्या हातून चुकलं, ते मी कवाच पोटात घातलंय." मी मान हलविली आणि पत्राची घडी घातली. त्या क्षणापासून मला स्वस्थता नाही.

आता नीट वाच. क्लच दाबल्याशिवाय इंजिन सुरू होऊ नये म्हणून त्या ट्रॅक्टरच्या क्लचच्या पेडलखाली एक लहान स्विच आहे. शहाण्णव साली दसऱ्याला पाच दिवस असताना तो बंद पडला. मी ट्रॅक्टर धुताना त्यात पाणी गेले होते. झेंडूची तोडणी सुरू होती, ट्रॅक्टर सुरू होईना, मेकॅनिक दुपारशिवाय येणार नव्हता. मी त्या स्विचच्या दोन तारा काढून एकमेकींना जोडल्या. एका दिवसापुरत्या. ट्रॅक्टर लगेच सुरू झाला. तुला सांगितले नाही. कुणालाच सांगितले नाही.

हँडब्रेक सैल असल्याने उतारावर ट्रॅक्टर गिअरमध्येच उभा करावा, हा नियम माझा. सीटवर चढण्यापूर्वी, खाली उभे राहूनच, किल्ली अर्धी फिरवून तेलाचा दिवा लागतो का ते पाहावे, हाही नियम माझाच. स्विच चांगला असता तर किल्ली पुढे सरकली तरी काही झाले नसते. चौथ्या दिवशी सकाळी तू दोन्ही नियम पाळलेस. किल्ली किंचित पुढे गेली, ट्रॅक्टरने उडी घेतली, आणि हौदाजवळ क्रेट बांधणारी आई भिंत आणि बंपर यांच्यामध्ये सापडली.

आईला जीपमध्ये ठेवताना भिमाजीमामा सर्वांसमोर म्हणाले, "बाईमाणसाच्या हातात किल्ली दिल्यावर दुसरं काय व्हनार!" तू माझ्याकडे पाहिलेस. मी म्हणालो, "गिअर बघायला नको होता का?"

हे वाक्य मी बोललो तेव्हा मला त्या तारा आठवत नव्हत्या असे लिहिले तर ते खोटे ठरेल.

आईच्या खुब्याचे हाड तू मोडले नाहीस. ते माझ्यामुळे मोडले. पुढच्या वैशाखात तू लग्न होऊन कळवणला गेलीस आणि नंतर एकदाही मळ्यात पाऊल ठेवले नाहीस, तेही माझ्यामुळे.

त्या तारा आजही तशाच जोडलेल्या आहेत. मेकॅनिकला दाखविल्या असत्या तर त्याने विचारले असते, कुणी जोडल्या. दोन वर्षे मीच ट्रॅक्टर चालविला, प्रत्येक वेळी सीटवर बसून, क्लच दाबून. पुन्हा काही घडले नाही, आणि न घडण्यालाच मी दुरुस्ती समजत गेलो. तुझ्याकडे पाठविताना बेल्ट बदलला, बॅटरी नवी घातली. त्या जागी मात्र हात घातला नाही.

म्हणून पत्र मिळताच बॅटरीची काळी तार सोडून ठेव. कळवणच्या मेकॅनिककडून नवा स्विच बसवून घे आणि त्याला माझे नाव सांग. महेशरावांनाही हे पत्र वाचायला दे.

उद्या सकाळी टेंपोवाला गोरक्ष मिरचीची रोपे घेऊन तिकडे येतो आहे. पत्र त्याच्या हाती देणार होतो. परंतु पाकीट बंद करण्यापूर्वी आईला सारे वाचून दाखविले. तारांच्या जागी तिने मला थांबविले आणि पुन्हा वाचायला लावले. भिमाजीमामांना कळवू का, असे मी विचारले.

"त्याला मी सांगंन. सगळ्यांच्या देखत. आधी लेकीकडं जाते."

"आई, टेंपोत धक्के बसतील. मी गाडी सांगतो, आपण दोघे जाऊ."

"तू न्हाय यायचं," ती म्हणाली. तिने स्वतःच आपले लुगडे पिशवीत भरले.

तेव्हा पत्र तीच आणते आहे. उद्या दहाच्या सुमारास पोचेल. टेंपोची पायरी उंच आहे. खाली एखादा पाट ठेव आणि उजव्या बाजूने आधार दे. ती नको म्हणेल. तरी दे.

तुझा अपराधी भाऊ,
रंगनाथ