पप्पांचं 'हो'

१२ मे २००६
मेंदूच्या लहरी टिपणारी टोपी पप्पांच्या डोक्यावर बसली. तारा, जेल, सगळं जागेवर. लॅबचं यंत्र महिनाभर घरी ठेवायला सरांनी परवानगी दिली. पेशंट — पप्पा! पक्षाघातानंतर वर्षभर ना बोलणं, ना हालचाल.

डॉक्टर म्हणतात, "आत किती उरलंय, सांगता येत नाही." तेच बघायचंय. उजवी मूठ वळल्याची नुसती कल्पना केली तरी मेंदूतली एक लहर दबते. दबली की 'हो'. पप्पांना तीनतीनदा समजावलं. आई पलंगाशी बसून मन लावून ऐकत होती.

१५ मे
लाइट असली की आलेखात विजेचा खरखराट. आज लाइट गेली, लॅपटॉप बॅटरीवर घेतला — आलेख स्वच्छ! गोखिवऱ्याचे कारखानदार भारनियमनाला शिव्या घालतात, मी वाट बघते.

१९ मे
काही नाही.

२० मे
दुबईहून भावाचा, ॲल्रॉयचा फोन. बिल्डर आता थांबायला तयार नाही म्हणे. "पप्पांना काय कळतंय? केळीची वाडी देऊन टाकू." आई तेव्हा वाडीत पाणी सोडत होती. तिला त्याने विचारलं नाही. मीही नाही.

२३ मे
आई रोझरी म्हणायला पप्पांजवळ बसली. नेहमीसारखी माळ त्यांच्या मुठीत, वर तिचा हात. माझे डोळे पडद्यावर. म्हटलं, विचारून तर बघू — "पप्पा, वाडी ठेवायची?"

लहर दबली! पुन्हा विचारलं. पुन्हा दबली! "विकायची?" — काही नाही.

मी रडले. यंत्रावर पाणी नको म्हणून बाजूला जाऊन रडले.

ॲल्रॉयला लगेच कळवलं. तो म्हणाला, "पप्पा बोलले ना? विषय संपला."

३१ मे
सरांना आलेख दाखवले. त्यांनी एवढंच विचारलं, "हात कोणी धरला होता का?" दुसऱ्या कोणी मूठ वळवली तरी लहर अशीच दबते! पहिल्या वर्षाच्या पोरांना हे मीच शिकवते. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा!

१ जून
आईला चर्चला धाडलं आणि सगळे प्रश्न पुन्हा विचारले. लहर जागची हलली नाही.

२ जून
आईला सरळ विचारलं. ती केळीची पानं पुसत होती. मान वर न करता म्हणाली, "मीच वळवत होते गो बाय. चाळीस वरसं माझं हो-नाय ह्यानंच सांगितलं. आता ह्याचं मी सांगितलं."

ॲल्रॉयला कळवायचं नाही.