टोकाकडून येणारा माणूस

३ डिसेंबर
आलो एकदाचे! वेधशाळेच्या ऑफिसच्या दारापासून चार किलोमीटर सरळसोट नळी झुडपांतून गेली आहे, कडेने मातीचा रस्ता. दूर कुठे दोन मेलेले तारे एकमेकांवर आदळले की अवकाशात लहर उठते, ती ही नळी पकडते. त्यावरून त्या ताऱ्यांची दीर्घिका किती लांब आहे ते कळतं. ती किती वेगाने दूर पळतेय, ते दुर्बिणवाले सांगतात. दोन्हींचा मेळ घालून विश्व किती झपाट्याने फुगतंय ते काढायचं, हे माझं काम. माझ्या नवऱ्याने, तावीताने, आल्या आल्या मासा कापून लिंबू आणि नारळाच्या दुधात कालवला. आमची प्रमुख ब्रायनी ताटातून मान वर न काढता म्हणाली, "सिना, नवरा इथेच ठेव. तू गेलीस तरी चालेल."

७ डिसेंबर
रस्त्यावर एक माणूस दिसतो. आपल्याकडेच चालत येतोय, पण पोचत नाही. ब्रायनीला विचारलं तर तिचा चेहरा उतरला. तो एल्डन, माझ्या आधीचा. नळीच्या टोकाचा आरसा तपासून परत निघाला, तो अजून चालतोच आहे. जीपने गेलेल्यांनाही तेवढाच लांब दिसला. त्याच्याकडे जायचं नाही, म्हणाली.

११ डिसेंबर
लहरींवरून निघणारा फुगण्याचा आकडा रोज वाढतोय. असं फुगणं दीर्घिकांमधल्या पोकळीत असतं, पायाखालच्या मातीत नाही. तावीताला सगळं सांगितलं.
"अगं, एवढ्या उन्हात माणूस चालतोय आणि तुम्ही आकडेमोड करताय?"
खूप अडवलं. पाण्याचा कॅन उचलून गेलाच.

१२ डिसेंबर
तावीता परत फिरलाय. दिसतोय. पाय उचलतो, टाकतो, पण जवळ येत नाही. जीप काढली. पेट्रोल निम्म्यावर येईपर्यंत चालवली. तो तेवढाच लांब.

१४ डिसेंबर
लहान झालाय. निळा शर्ट तांबूस दिसतो, दूर पळणाऱ्या दीर्घिकांचा उजेड होतो तसा. फोन लागला. आवाज जाड, ओढलेला. विचारत होता, "सिना, तू मागे मागे का सरकतेस?"

१५ डिसेंबर
फोन लागत नाही. ब्रायनी म्हणते, बघू नकोस तिकडे. कसं न बघू—

१६ डिसेंबर
निघालेय. पायी. पाणी घेतलंय. तो आता नुसता लाल ठिपका.
ब्रायनी दारापर्यंत आली, माझा दंड धरून होती. सोडवून घेतला. चार पावलं टाकली असतील. मागे पाहिलं तर ती— केवढीशी— काहीतरी ओरडतेय, ऐकू येत नाही.
मी थांबलेय. जागच्या जागी उभी आहे. तरी ती लहान होत—